कागदावरची तीन अक्षरं

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा स्त्रीरोगाचा दवाखाना आहे. आषाढात, बाजाराच्या दिवशी, बेचाळीस वर्षांची एक बाई आली. तक्रार एकच, लघवीला आग. वर्षभरात पाच वेळा अँटिबायोटिक झालं होतं. कॅरीबॅगेत लघवीच्या कल्चरचे तीन रिपोर्ट होते. तिन्हींत जंतू सापडले नव्हते.

योनीमार्ग आतून बघायचं उपकरण, म्हणजे स्पेक्युलम, सगळ्यात लहान घेतला, भरपूर जेली लावली, तरी स्पर्श होताच ती कळवळली. मी थांबले. दिसलं तेवढं पुरे होतं. योनीची त्वचा फिकट, पातळ, घड्या नाहीशा झालेली. स्पेक्युलम टेकला तिथे रक्ताचे बारीक ठिपके. आम्लता मोजणारी पीएचची पट्टी सहाच्या रंगावर गेली. पाळी चालू असलेल्या बाईत तो साधारण साडेचारच्या आत असतो.

“पाळी कधी गेली, ताई?”

“पिशवी काढली ना म्याडम. एकोणतीस वर्षांची होते.”

नुसती पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढली तर पाळी थांबते, पण बीजकोश शाबूत असतील तर इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन तयार होत राहतं. म्हणून ऑपरेशनचा कागद मागितला. घड्यांवर फाटत आलेल्या त्या कागदावर एकच ओळ होती, ‘टीएएच विथ बीएसओ’. टीएएच म्हणजे पोटावर छेद देऊन पिशवी काढली. बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि बीजकोशसुद्धा काढले. तेरा वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अंगातून वाफा निघायच्या, रात्री घामाने पोलकं भिजायचं, ते ती उसाच्या फडातल्या उन्हावर ढकलत आली होती.

नवरा-बायको दोघं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे. पाळीत अंगावरून जास्त जायचं, आणि खाडा झाला की दंड. एका दवाखान्यात सांगितलं, पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन ऑपरेशन झालं. 2019 मध्ये सरकारी समितीपुढे आकडा आला होता: जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांमध्ये 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली. तो आकडा मला पाठ होता. पण यातल्या कितीजणींचे बीजकोशही गेले आणि त्या रात्री कशा झोपतात, हे मी स्वतःहून कुणाला विचारलं नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

सिस्टरला दार लावायला सांगून मी सरळ विचारलं, “संबंधाच्या वेळी दुखतं का?”

ती बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. “ब्लेडनं कापल्यावानी व्हतं. पाच वर्सं झाली, ह्यांना जवळ येऊ देत नाही. ह्ये ओसरीत खाट टाकून निजतात.”

तिला विचारूनच नवऱ्याला आत बोलावलं. चिठ्ठीच्या पाठीमागे पिशवीचं चित्र काढलं, दोन बाजूंना दोन बीजकोश दाखवले आणि सगळ्यावर काट मारली. बीजकोशांवर बोट ठेवून सांगितलं: इथून जे रक्तात जायचं त्यानेच ती जागा ओली, लवचिक राहते. ते बंद झालं की लघवीच्या वाटेलाही आग होते. तो चित्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मला वाटलं, हिला माझा वीट आला.”

तिने वेगळंच विचारलं. “त्यात काय खराब व्हतं म्हणून काढलं?”

काढलेल्या भागाच्या तपासणीचा रिपोर्ट फायलीत नव्हता. या कागदावरून कळत नाही, एवढंच मी तिला सांगू शकले.

योनीत लावायचं इस्ट्रिऑलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं, क्रीम दिलं, दोन आठवडे रोज रात्री आणि पुढे आठवड्यातून दोनदा. ते रक्तात फार थोडं जातं. पण तिला हाडांसाठी, वाफांसाठीही इस्ट्रोजेन हवं होतं. स्तनांची तपासणी, रक्तदाब, घरातल्या कॅन्सरची चौकशी झाल्यावर अंगाला चोळायचं इस्ट्रोजेनचं जेल सुरू केलं, निदान पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत. पिशवीच नसल्यामुळे सोबत प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची गरज नव्हती. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व लिहिलं आणि हाडांची घनता मोजायला जिल्ह्याबाहेर पाठवलं. नवऱ्याला बजावलं: ती म्हणेपर्यंत घाई नाही, आणि तेव्हाही आधी पाण्यात विरघळणारी जेली.

दसऱ्याच्या तोंडावर दोघं पुन्हा आले. आठवड्याने टोळी कर्नाटकात निघणार होती. आग थांबली होती, झोप लागत होती. बाकीचं मी विचारायच्या आत तीच म्हणाली, “खाट आत घेतली.” आणि खाली बघून हसली.

फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, क्रीम उन्हाने खराब होईल का, सहा महिन्यांना किती ट्यूबा लागतील, सगळं तिने नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, “म्याडम, अजून एक चिठ्ठी लिवा. जावंलाबी असंच व्हतंय.”

“चिठ्ठी नको. तिलाच घेऊन या, ऑपरेशनच्या कागदांसकट.”

“आणलीय,” ती म्हणाली आणि दाराबाहेर बघून हाक मारली.