बिडी सुटली, चहा बाधला

काका टेम्पो चालवतात. छातीत धडधड, हाताला कंप, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ईसीजीत ठोके तेवढे जलद. टूडी इको आणि थायरॉईड नॉर्मल. आधीच्या डॉक्टरांनी ‘बिडी सोडल्याचा त्रास’ म्हणून झोपेची गोळी दिलेली. हल्ली ज्याचं कारण सापडत नाही ते सगळं ‘टेन्शन’च्या खात्यावर जमा होतं.

पाच मिनिटं बसवून नाडी मोजली, १०८. तिथेच खटकलं. निकोटिन सुटलं की नाडी सहसा मंदावते, वाढत नाही.

“मधे जत्रेला गावी गेलो, तिथं आठवडाभर परत ओढली,” काका म्हणाले. “छाती एकदम गप. बिडी असली की मला चहा पचतो.”

“बाबा, काहीही सांगू नका!” मुलगा ओरडला. आमचा इंटर्न गालात हसला.

पण काका बरोबर होते. कॅफीनचा निचरा मुख्यतः यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम करतं आणि बिडी-सिगारेटच्या धुरातले काही हायड्रोकार्बन त्याचं काम वाढवतात. निकोटिनचा यात हात नाही, त्यामुळे तंबाखू मळून खाणाऱ्याला ही सवलत मिळत नाही. धूर थांबला की आठवडाभरात एन्झाइम मूळ पदावर येतं आणि तेवढ्याच चहातून रक्तात जवळपास दुप्पट कॅफीन साचतं. आमच्या केसपेपरवर ‘तंबाखू : हो/नाही’ एवढाच रकाना. ओढता की खाता, हे विचारायची सोय नाही. चहाला तर रकानाच नाही.

“चहा किती होतो?”

“फार नाही.”

काकूंनी हिशेब मांडला: उठल्यावर दोन कप, मग दर भाड्यामागे एक कटिंग, घरी आल्यावर पुन्हा कपभर. काकू स्वतः जेवणानंतर कडक चहा घेऊन गाढ झोपतात. एकाच पातेल्यातला चहा, पण ज्याचं त्याचं यकृत वेगळं.

चहा हळूहळू निम्म्यावर आणायला सांगितला. एकदम तोडला तर डोकं धरतं. दुपारनंतर बंद. पुढच्या खेपेला नाडी ८४, झोपही लागत होती. रक्तातलं कॅफीन मोजायची सोय आमच्याकडे नाही, तेव्हा पुरावा एवढाच. बिडी सोडून दिवसही बरेच झाले होते, ही शंका उरतेच.

“म्हणजे मी बरोबर बोललो होतो ना?” काकांनी मुलाकडे बघत विचारलं.

“बरोबर होतात. पण औषध म्हणून बिडी नाही, चहा कमी.”

“डॉक्टर,” मुलगा म्हणाला, “यातलं पहिलंच वाक्य आता गावभर होणार.”