एक-शून्य

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहून पाठवावी, असा निरोप आला तेव्हा स्नेहसंमेलनावर लिहावे की सहलीवर, या विचारात दोन-तीन दिवस गेले. पण कागद पुढे ओढला की दरवेळी डोळ्यांसमोर येई तो २५ जून १९९० चा सोमवार, नववीचा वर्ग आणि फळ्यावर खडूने काढलेले फुटबॉलचे अर्धे मैदान. तेव्हा त्याच्यावरच लिहितो.

आदल्या रात्री इटलीतील तुरीन शहरात विश्वचषकाच्या बाद फेरीत अर्जेंटिनाने ब्राझीलला एक-शून्य असे हरवले होते. कोल्हापुरात वाढलेल्या मुलाला या दोन नावांचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. पेठांच्या आणि तालमींच्या संघांवरून शाहू स्टेडियमवर जी विभागणी होई, तिच्याइतकीच कडवी दुसरी विभागणी दर चार वर्षांनी आमच्या वर्गात होत असे, आणि तीत ब्राझीलवाल्यांचे बहुमत असे. मी अर्जेंटिनाचा होतो. १९८६ साली मॅराडोनाला पहिल्यांदा टीव्हीवर पाहिले, तेव्हापासूनचा.

त्या वर्षी मात्र अर्जेंटिनाचा चाहता म्हणवून घेणे जड जात होते. जगज्जेता संघ उद्घाटनाच्याच सामन्यात कॅमेरूनकडून हरला होता. पुढच्या सामन्यात सोव्हिएत संघाला नमवताना गोलकीपर पुम्पिदोचा पाय मोडला. रुमानियाशी बरोबरी झाली आणि गटात तिसऱ्या क्रमांकावर राहून आम्ही कसेबसे पुढे सरकलो. मॅराडोनाचा घोटा सुजलेला होता. ब्राझीलने मात्र गटातले तिन्ही सामने जिंकले होते. शनिवारी शाळा सुटताना ब्राझीलवाल्या मित्रांनी माझ्या पराभवाचे सांत्वन आगाऊच करून टाकले होते.

सामना आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झाला. शेजारच्या काकांच्या घरी कृष्णधवल टीव्हीसमोर आम्ही पंधरा-वीस जण दाटीवाटीने बसलो होतो. बाहेर पाऊस होता आणि चित्राला मुंग्या आल्या की काकांचा मुलगा पत्र्यावर चढून अँटेना फिरवत असे. ‘आलं का?’ असे तो वरून विचारी आणि खालून सगळे एकदम ओरडत. त्या मुंग्यांतूनही एक गोष्ट स्वच्छ दिसत होती, ती म्हणजे आमच्या संघाला चेंडू मिळतच नव्हता. ब्राझीलच्या दुंगाने हेडरने मारलेला चेंडू खांबावर आदळला. उत्तरार्धात त्यांच्याच आलेमांवचा फटका आमचा गोली गोयकोचिया याच्या बोटांना लागून पुन्हा खांबावर गेला. दर हल्ल्याला मी डोळे मिटून घेत होतो आणि खोलीतल्या आवाजावरून गोल झाला की वाचला, याचा अंदाज बांधत होतो.

सामना संपायला दहाएक मिनिटे उरली असताना मध्यवर्तुळाजवळ चेंडू मॅराडोनाकडे आला. पुढचे सगळे काही सेकंदांचे. तो आलेमांवला चुकवून, दुंगाला मागे टाकून पुढे निघाला, तसे ब्राझीलचे बचावपटू चहूबाजूंनी त्याच्याकडे धावले. तोल जात असतानाच त्याने उजव्या पायाने चेंडू त्यांच्या पायांमधून पलीकडे सारला. डावीकडे आमचा कानिजिया एकटा उभा होता. त्याने पुढे आलेला ब्राझीलचा गोली ताफारेल याला वळसा घातला आणि रिकाम्या जाळीत चेंडू टाकला. त्या वेळी नेमके चित्र स्वच्छ होते, याबद्दल त्या अँटेनावाल्या मुलाचा मी आजही ऋणी आहे. बिचाऱ्याला स्वतःला गोल दिसला नाही.

शेवटच्या काही मिनिटांत ब्राझीलचा कर्णधार रिकार्डो गोमेस याला लाल कार्ड मिळाले, त्यांच्याच म्युलरने समोर आलेली संधी बाहेर मारली आणि सामना संपला. मी नाचलो, पण झोप लागेना. जो संघ ऐंशी मिनिटे मार खात होता तो जिंकला, आणि तो माझा होता, हे मनाला पटत नव्हते.

सोमवारी वर्गात शिरलो तो ‘नशीब, नशीब’ असा गजर झाला. पहिल्या तासाचे गुरुजी रजेवर असल्यामुळे बदली म्हणून पी. टी.चे सर आले. सर तरुणपणी तालमीच्या संघातून खेळलेले आणि पक्के ब्राझीलवाले. आता आपली धडगत नाही, असे मला वाटले. त्यांनी मला फळ्याजवळ बोलावले, खडू हातात दिला आणि म्हणाले, ‘गोल काढ.’ मी मॅराडोना, कानिजिया, ताफारेल आणि जाळी काढून बाणाने जोडली. सरांनी फळ्याकडे पाहिले. ‘आमची माणसं कुठं गेली? जेवायला?’ वर्ग हसला. मग त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला, मॅराडोनाभोवती चार फुल्या मारल्या आणि कानिजियाच्या भोवतालची मोकळी जागा तळहाताने पुसून दाखवली. ‘बॉल ह्याच्याकडं होता, म्हणून चौघं ह्याच्याकडं गेले. जो मोकळा राहिला, त्यानं गोल केला. ह्यात नशीब कुठं आलं, सांगा.’

ब्राझीलचे आलेमांव आणि कारेका हे दोघे इटलीतल्या नापोली क्लबात मॅराडोनाचेच सहकारी. सोबत खेळून त्यांनी नुकतेच इटलीचे लीग विजेतेपद मिळवले होते. हा माणूस डाव्या पायाचा आहे, हे जगात कुणाला ठाऊक नसले तरी त्यांना नक्कीच असणार, असे सर म्हणाले. शेवटचा पास उजव्या पायाने गेला, याकडे वर्गात त्यांच्याशिवाय कुणाचेच लक्ष गेले नव्हते; अगदी माझेही नाही. नंतर त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, ‘आणि गोली कोण होता रे तुमचा?’ मी गोयकोचियाचे नाव सांगितले. ‘राखीव गोली. पुम्पिदोचा पाय मोडला नसता तर बाकावर बसून असता. त्याला विसरून मॅच सांगू नकोस.’

या सामन्याला एक कडवट शेपूटही आहे. अर्जेंटिनाच्या गोटातून दिलेल्या पाण्याच्या बाटलीत गुंगीचे औषध होते, असा आरोप ब्राझीलच्या ब्रांकोने केला आणि बऱ्याच वर्षांनी मॅराडोनाने टीव्हीवर तो किस्सा हसत हसत रंगवून सांगितला. ते वाचल्यावर मला त्या रात्रीची अस्वस्थता पुन्हा जाणवली. फळ्यावरचा गोल त्यामुळे पुसला जात नाही, असे मी स्वतःला सांगतो. सरांना मात्र हे विचारायचे राहून गेले.

पुढे युगोस्लाव्हिया आणि इटली यांना पेनल्टीवर हरवून आम्ही अंतिम फेरीत गेलो. तिथे कानिजिया निलंबित होता. ८ जुलैला रोममध्ये पंच्याऐंशीव्या मिनिटाला ब्रेमेने पेनल्टीवर गोल केला आणि पश्चिम जर्मनी एक-शून्यने जगज्जेती झाली. दुसऱ्या दिवशी पोट दुखत असल्याचे सांगून पाहिले, पण आईने शाळेत पाठवले. वर्गातल्या आरोळ्या चुकवून मी मधल्या सुट्टीत खेळाच्या खोलीकडे गेलो. सर फुटबॉलांचा ढीग मांडून बसले होते. मला पाहून त्यांनी फक्त ‘एक-शून्यच ना?’ एवढे विचारले आणि हवा भरायचा पंप माझ्या हातात दिला.