फ्लायओव्हर उतरल्यावर येणारा वास

एकच गाडी एकाच दुखण्यासाठी तिसऱ्यांदा दारात उभी राहते, तेव्हा मेकॅनिकला गाडीपेक्षा गाडीच्या मालकाकडे पाहणे जड जाते. बडोद्यात मकरपुरा रोडवर माझे छोटे वर्कशॉप आहे आणि गेली सव्वीस वर्षे मी हेच काम करतो आहे. त्या गुरुवारी सकाळी साडेनऊला काकूंनी गाडी आणून लावली, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि शांतपणे एवढेच म्हणाल्या, "अरे, वास परत सुरू झाला बघ."

काकू कारेलीबागेत राहतात. परिचारिका म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या आहेत. काकांना सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस असते आणि त्यांना जुन्या पादरा रोडच्या बाजूच्या रुग्णालयात काकूच घेऊन जातात. डायलिसिस झाल्यावर काकांना जळक्या तेलाचा वास मुळीच सहन होत नाही, मळमळते. त्यामुळे गेले काही आठवडे भर उन्हाळ्यात एसी बंद ठेवून आणि काचा खाली करून त्या गाडी चालवत होत्या. ही गोष्ट त्यांनी तक्रार म्हणून सांगितलेली नव्हती, बोलण्याच्या ओघात आली होती. मला मात्र ती फार लागली.

गाडी साधी, चार सिलिंडरची, बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक. साधारण महिन्यापूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेने तेल झिरपत होते आणि खाली सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर, पडून जळत होते. अशा गळतीला मी कधीच किरकोळ मानत नाही, कारण तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल साचू लागले तर आग लागण्याचा धोका असतो. कव्हर काढले तर जुने रबरी पॅकिंग वाळून इतके कडक झाले होते की वाकवताच त्याचा तुकडा पडला. नवे पॅकिंग घातले, प्लगच्या नळ्यांभोवतीची सीले बदलली, बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून कसणाऱ्या पान्याने, कसले आणि गाडी दिली. आठ दिवसांत वास परत आला. इंजिनाच्या बाजूचे टायमिंग कव्हर आणि टॅपेट कव्हर ज्यावर बसते ते हेड जिथे एकमेकांना मिळतात, त्या सांध्यावर पॅकिंगखाली गळती अडवणाऱ्या सिलिकॉनचा लहानसा ठिपका द्यावा लागतो. जुन्या सिलिकॉनचा पापुद्रा तिथे राहिला असावा असे मानून मी दुसऱ्यांदा सगळे उघडले, जागा खरवडून स्वच्छ केली आणि पुन्हा बसवले. तेव्हा माझी खात्री झाली होती की काम संपले. त्यानंतर अकराव्या दिवशी गाडी पुन्हा आली होती.

या वेळी मी एक गोष्ट पक्की ठरवली, की तेल नेमके कुठून आणि का येते हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय कव्हरच्या एकाही बोल्टला पाना लावायचा नाही. आधीच्या दोन्ही वेळी मी कव्हर ओले दिसले म्हणून कव्हर उघडले होते. तेल मात्र वाऱ्याने मागे सरकते, उताराने खाली येते आणि जिथे थांबते तिथे दिसते. म्हणून ते दिसण्याची जागा आणि गळण्याची जागा एकच असेल असे धरून चालता येत नाही. कॅम सेन्सरची ओ-रिंग, तेल ओतण्याचे झाकण, ऑइल प्रेशरचा स्विच, यांपैकी कशाचेही तेल पॅकिंगच्या नावावर खपू शकते.

इग्निशन कॉईल आणि अल्टरनेटरवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून आम्ही इंजिन डीग्रीझरने धुतले आणि कॉम्प्रेसरच्या हवेने सांधा न् सांधा कोरडा केला. मग कव्हरच्या चारही बाजूंनी, सेन्सरभोवती आणि झाकणाभोवती साधी टाल्कम पावडर भुरभुरवली. पांढऱ्या पावडरवर तेलाचा थेंब आला की लगेच पिवळसर डाग उमटतो. इंजिन सुरू करून वीस मिनिटे तसेच चालू ठेवले, पंखा दोनदा फिरून बंद झाला, पण पावडर जशीच्या तशी कोरडी राहिली.

माझ्याकडे काम शिकणारा मुलगा दोन वर्षांपासून आहे आणि हुशार आहे. तो म्हणाला, "शेठ, तेल तो उपरथी ज आवे छे. बोल्ट अर्धा आंटा वधारे कसी दउं?" म्हणजे तेल वरूनच येते आहे, बोल्ट अर्धा आटा जास्त कसू का? मी त्याचा हात धरला. त्या बोल्टांचा टॉर्क सुमारे दहा न्यूटन मीटर, म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला एक किलो वजन टांगल्यावर जेवढा जोर पडेल तेवढाच असतो. त्याहून जास्त कसले की प्लॅस्टिकचे कव्हर दोन बोल्टांच्या मधल्या जागी उचलते आणि रबर एका ठिकाणी चेपून दुसऱ्या ठिकाणी सैल पडते. आणखी जोर केला तर हेडमधल्या अॅल्युमिनियमचे आटेच निघून येतात. जोरजबरदस्तीने कसल्यामुळे बिघडलेली अनेक हेडे मी पाहिली आहेत. गळती त्याने थांबलेली क्वचितच पाहिली आहे.

मग मी काकूंना फोन लावला आणि विचारले, "काकू, वास नेमका कधी येतो? गाडी उभी असताना, सुरू करताना, की चालताना?"

त्या म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना तुला. गेंडा सर्कलला फ्लायओव्हर चढायचा, मनीषा चोकडीला उतरायचं, आणि उतरून सिग्नलला थांबलं की वास येतो. घराजवळ भाजीला वगैरे गेलं तर नाही येत."

त्यांनी खरोखरच पहिल्या दिवशी हे सांगितले होते आणि मी मान डोलावून बॉनेट उघडले होते. आयुष्यभर रुग्णांच्या तक्रारी टिपून घेतलेल्या बाईने मला कधी, कुठे आणि किती हे तीन शब्दांत दिले होते, आणि मी ते फक्त गप्पा समजून सोडून दिले होते. त्याबद्दल मी त्यांची फोनवरच माफी मागितली.

पावडर तशीच ठेवून मी गाडी मनीषा चोकडीकडे नेली आणि काकू जसा धरत असतील तसा वेग धरून फ्लायओव्हर इकडून तिकडे दोनदा पार केला. दुसऱ्यांदा उतरून सिग्नलला थांबताच वास आला. वाऱ्याचा झोत थांबला की मॅनिफोल्डवरचा धूर वर चढतो आणि काचेखालच्या जाळीतून एसीबरोबर आत येतो, हे तिथेच उलगडले. बाजूला घेऊन बॉनेट उघडले. कव्हरच्या मागच्या कडेला, मी दोनदा सिलिकॉन लावलेल्या कोपऱ्यापासून पार दुसऱ्या टोकाला, पावडरवर बोटभर लांबीची ओली रेघ उमटली होती.

पण माझी नजर तिथून हलून तेलाची पातळी मोजायच्या ऑइल स्टिकवर गेली. सकाळी तेल तपासून मी ती स्वतः पूर्ण दाबून बसवली होती. आता तिची पिवळी कडी आपल्या जागेवरून जवळजवळ अर्धा इंच वर उचललेली होती. स्टिक आपोआप वर येत नाही. तिला खालून कोणीतरी ढकलावे लागते.

इंजिन चालू असताना पिस्टनच्या रिंगांशेजारून थोडा वायू खाली तेलाच्या चेंबरमध्ये निसटतोच. नव्या इंजिनातही तो निसटतो. हा वायू कोंडून राहू नये म्हणून टॅपेट कव्हरवर पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो, जो इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेच्या, ओढीने तो वायू परत जाळायला नेतो, आणि दुसऱ्या बाजूला एअर फिल्टरकडे जाणारी ब्रीदरची नळी असते. हे दोन्ही मार्ग तुंबले तर कोंडलेला वायू तेलाला जिथून वाट मिळेल तिथून बाहेर ढकलतो आणि सर्वांत नरम वाट म्हणजे पॅकिंग. आम्ही मेकॅनिक त्याला इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारते असे म्हणतो. गाडी जागेवर चालू असताना हा वायू थोडाच असतो, पण चढावर जोर पडला की तो कितीतरी वाढतो. वीस मिनिटे पावडर कोरडी का राहिली आणि फ्लायओव्हरवरच ती का भिजली, याचा उलगडा त्यातून झाला.

खात्रीसाठी आणखी एक परीक्षा होती. काकूंच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात काकांच्या शुश्रूषेसाठी रबरी हातमोज्यांचे खोके असते. फोनवर विचारून त्यातला एक मोजा घेतला. वर्कशॉपवर परत येऊन इंजिन चालू ठेवले, तेल ओतण्याचे झाकण काढले आणि तोंडावर तो मोजा ताणून बसवला. व्हॉल्व्ह ठीक असेल तर मोजा किंचित आत ओढला जातो. इथे आधी तळवा फुगला, मग एकेक बोट उभे राहिले आणि थोड्याच वेळात पाच बोटांचा फुगलेला पंजा इंजिनावर डोलू लागला. मुलगा बघतच राहिला.

आता भीती एकाच गोष्टीची होती. रिंगाच झिजल्या असतील तर वायू इतका येत असेल की व्हॉल्व्ह बदलूनही उपयोग नाही, आणि इंजिनकाम म्हणजे काकूंसाठी फार मोठा खर्च. गरम इंजिनाचे चारही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजले. दाब पुरेसा होता आणि चारही सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत निघाला, म्हणजे रिंगा शाबूत होत्या, तेव्हा मी खाली स्टुलावर बसून पाणी प्यायलो.

कव्हर तिसऱ्यांदा उघडले. पीसीव्ही व्हॉल्व्ह कानाशी धरून हलवला तर आतली सुई खडखडली नाही, ती चिकटून बसली होती. ब्रीदरची नळी जिथे बसते त्या निपलमध्ये काडेपेटीतल्या काडीएवढेच भोक उरले होते आणि बाकी जागा साबणाच्या फेसाला घट्टपणा यावा तशा मळकट पांढऱ्या चिखलाने भरली होती. कव्हरच्या आत तेल वेगळे करणारी जी पत्री असते, तिच्यामागेही तेच होते. आधी दोन्ही वेळा मी कव्हरच्या फक्त कडा साफ केल्या होत्या, या पत्रीमागे पाहिलेच नव्हते.

असा पांढरा चिखल दिसला की बडोद्यातला मेकॅनिक आधी पुराचा विचार करतो. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा कित्येक दिवस आमच्याकडे पाणी शिरलेल्या इंजिनांशिवाय दुसरे काम नव्हते. काकूंची गाडी मात्र त्या वेळी उंचावर लावलेली होती आणि पाणी तिच्या चाकांपर्यंतच आले होते. रेडिएटरच्या बाटलीतली पातळी महिनाभर तसूभरही उतरली नव्हती, म्हणजे हेड गॅस्केटमधून, हेडखालच्या पॅकिंगमधून, पाणी तेलात जाण्याचाही प्रश्न नव्हता. कारण साधे होते. गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते, तीही भाजी, औषधे, देऊळ अशा तुकड्यातुकड्यांनी. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते, आत दमटपणा साचतो आणि तेलात मिसळून त्याचा लगदा होतो. किलोमीटर भरले नाहीत म्हणून तेलही दोन वर्षांत बदलले गेले नव्हते. कमी चालणाऱ्या गाडीचे तेल किलोमीटर न मोजता वर्षाला बदलावे लागते, हे मी पहिल्याच भेटीत सांगायला हवे होते.

कव्हरची सीले काढून ते रॉकेलमध्ये भिजत घातले, ब्रशने आणि हवेने प्रत्येक खाच मोकळी केली, मग सपाट काचेवर पालथे ठेवून कडेखाली फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांमधली, सर्वांत पातळ पात सरकते का ते पाहिले. ती कुठेच सरकली नाही, म्हणजे कव्हर वाकलेले नव्हते. नवा व्हॉल्व्ह, नवी ब्रीदरची नळी, नवे तेल आणि फिल्टर घेतले. पॅकिंग अकरा दिवसांचेच होते, पण मागच्या कडेला ते खाचेतून सुटून बाहेर ढकलले गेले होते, म्हणून तेही नवे घेतले. सिलिकॉनचे ठिपके मोजून दिले, कारण जास्त दिलेले सिलिकॉन आत पडून तेलाच्या जाळीत अडकते. ते सुकून कातडी धरण्याआधी कव्हर बसवले आणि मधल्या बोल्टापासून बाहेर जात दोन फेऱ्यांत कसले.

तोवर संध्याकाळचे सात वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकांचे डायलिसिस होते. सिलिकॉन पूर्ण धरायला मी चोवीस तास देतो. गाडी त्या रात्री दिली असती तर चालली असती, बहुधा काही झालेही नसते, पण बहुधा या शब्दावर मी ही गाडी आधी दोनदा दिली होती. मी काकूंना सांगितले की गाडी उद्या संध्याकाळी मिळेल आणि सकाळी मी माझी गाडी घेऊन येतो. त्या नको नको म्हणाल्या. मी साडेसहाला कारेलीबागेत हजर झालो. या तिसऱ्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत, फक्त तेल आणि फिल्टरचे त्यांनी आग्रहाने दिले.

शुक्रवारी संध्याकाळी आधी मोजा लावून पाहिला. तो सुरकुतून तोंडाच्या आत ओढला गेला. मग काकूंना बोलावले आणि त्यांनाच गाडी चालवायला सांगून मी शेजारी बसलो. त्यांनी मनीषा चोकडीला फ्लायओव्हर धरला, गेंडा सर्कलला उतरल्या, वळून परत आल्या आणि नेहमीच्या सिग्नलला थांबल्या. दोन्ही काचा खालीच होत्या. मी उतरून ऑइल स्टिक पाहावी की नाही या विचारात असताना त्यांनी एसीच्या जाळीजवळ चेहरा नेऊन दोनदा श्वास घेतला, सिग्नल हिरवा होईपर्यंत काही बोलल्या नाहीत, आणि गाडी पुढे काढता काढता दोन्ही काचा वर करून एसी लावला.