मोरचूद, हळद आणि गंधक: द्रव्य आणि त्यातले बदल शिकवताना

सहावी ते आठवीच्या वर्गात भौतिक आणि रासायनिक बदल शिकवताना एक सोपी खूण सर्रास सांगितली जाते: मूळ पदार्थ परत मिळाला तर बदल भौतिक, नाही मिळाला तर रासायनिक. बर्फ वितळणं आणि कागद जळणं एवढ्यापुरती ती चालते, पुढे लगेच लंगडी पडते. दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तरी दळणं भौतिकच. आणि चुन्याने लाल झालेली हळद लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी होते, तरी तो बदल रासायनिक. चुणचुणीत मुलं नेमकी अशीच उदाहरणं काढतात आणि मग शिक्षकाला 'हा अपवाद आहे' म्हणत वेळ मारून न्यावी लागते.

ही खूण फळ्यावर येऊच देऊ नये. तिच्या जागी एकच प्रश्न धरावा: नवा पदार्थ तयार झाला का, आणि झाला असेल तर पुरावा काय? आता हा प्रश्न विचारायचा तर 'पदार्थ वेगळा आहे' हे कशावरून ठरवतात ते मुलांना आधी कळायला हवं. त्यामुळे मूलद्रव्य, संयुग, मिश्रण हा भाग आधी, तोही हाताने करून, बदल त्याच्यानंतर. परीक्षेच्या घाईत उलटा क्रम लावला की व्याख्या पाठ होतात, पण मेणबत्तीवर प्रश्न आला की निम्मा वर्ग चुकतो.

सामान फारसं लागत नाही. एकच वस्तू मात्र जरूर घ्या: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशात मावेल असा डिजिटल काटा. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या पावलाने चालतो, त्यावर पुढचं काहीच दिसणार नाही.

सुरुवात तीन थेंबांनी करा. काचेच्या स्वच्छ पट्टीवर एक थेंब बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा, एक बोअरच्या पाण्याचा आणि एक मीठ घातलेल्या पाण्याचा. पट्टी उन्हात किंवा जरा कोमट तव्यावर ठेवा. तव्याची आच वाढली तर काच तडकते, म्हणून घाई नको. पाणी उडालं की पहिल्या जागी काही राहत नाही, दुसऱ्या जागी पांढरट कडं राहतं, तिसऱ्या जागी मिठाचे कण. तिन्ही थेंब दिसायला सारखेच नितळ होते. 'एकसारखं दिसतं म्हणून शुद्ध पदार्थ' ही समजूत इथेच मोडते. मग पितळ (तांबं आणि जस्त) आणि २२ कॅरेटचं सोनं (२४ भागांत २२ भाग सोनं) ही समांगी (सगळीकडे एकसारखी) मिश्रणं आहेत हे पटवायला वेळ लागत नाही. दुधाचं काम टॉर्चवर होतं: ग्लासभर पाण्यात दुधाचे तीन-चार थेंब टाका आणि खोलीत अंधार करून बाजूने झोत सोडा, प्रकाशाचा पट्टा स्पष्ट दिसतो. साखरेच्या पाण्यात तो दिसत नाही. म्हणजे दूध एकसारखं दिसलं तरी समांगी नाही.

आता लोखंड आणि गंधक. मिश्रण आणि संयुग यांतला फरक, आणि भौतिक व रासायनिक बदलांतलाही, एकाच परीक्षानळीत दाखवणारा दुसरा इतका चांगला प्रयोग नाही. पण तो फसतोही तितकाच.

प्रमाण ७ ला ४. लोखंडाची अगदी बारीक पूड ७ ग्रॅम आणि गंधकाची पूड ४ ग्रॅम कागदावर घेऊन रंग एकसारखा राखाडी-पिवळा होईपर्यंत कालवा. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून या मिश्रणावर फिरवा: लोखंड पिशवीला चिकटतं, गंधक खाली राहतं. पिशवी न गुंडाळता चुंबक नुसता टेकवलात तर त्याला चिकटलेली पूड काढण्यातच तास जाईल. नंतर लोखंड पुन्हा मिसळा आणि यातलं फक्त २ ग्रॅम उष्णतारोधक काचेच्या छोट्या परीक्षानळीत घ्या. तोंडाशी खनिज लोकरीचा सैल बोळा बसवा. गंधकाची वाफ बाहेर आली की पेट घेते आणि घसा खवखवणारा सल्फर डायऑक्साइड सुटतो; बोळा त्यासाठी. प्रयोग खिडकीशी करा, शिक्षकानेच करा, चष्मा लावून करा, आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलांना लांब बसवा.

नळीच्या तळाला ज्योत द्या. गंधक आधी वितळतो (११५ अंशांच्या आसपास) आणि थोड्या वेळाने तळाशी निखाऱ्यासारखी लाली दिसते. त्याच क्षणी दिवा बाजूला घ्या. लाली आपोआप वर सरकत जाते, बाहेरून उष्णता न देता. प्रयोगाचा सगळा जीव या काही सेकंदांत आहे, आणि दिवा तसाच धरून ठेवला तर नेमकं हेच मुलांना दिसत नाही. नळी पूर्ण गार झाल्यावर फडक्यात गुंडाळून फोडा. आतला काळपट गोळा म्हणजे आयर्न सल्फाइड. त्यात पिवळा कण शोधून सापडत नाही.

आता चुंबक लावला आणि गोळा चिकटला, तर? बऱ्याच वर्गांत हेच होतं आणि शिक्षक गडबडतात. कारण साधं आहे: लोखंडाचा कीस जाड होता, किंवा नीट कालवला गेला नाही, किंवा थोडा गंधक वाफ होऊन उडून गेला. थोडक्यात, काही लोखंड संयोग न होता उरलं. जाड कीस बदलून बारीक पूड घ्या आणि गंधक चिमूटभर जास्त टाका. खरं तर उरलेल्या लोखंडाचाही शिकवण्यासाठी उपयोग करता येतो. मिश्रण ५ ला ५ असलं काय नि ९ ला २ असलं काय, ते मिश्रणच. संयुग मात्र ७ ला ४ याच हिशेबाने बनतं, वरचं जे असेल ते तसंच उरतं. या गोळ्यावर आम्ल घालायची चाचणी काही पुस्तकांत असते. ती वर्गात करू नका, त्यातून निघणारा सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू विषारी आहे.

एवढं झालं की हळद घ्या. पाव चमचा हळद १० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा (जवळपास ज्योत नको), गाळणकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून वाळवा. पाण्यात हळद नीट उतरत नाही, म्हणून स्पिरिट. पट्टीवर धुण्याच्या सोड्याचा किंवा चुन्याच्या निवळीचा थेंब टाका: गडद लाल. वर व्हिनेगर: पिवळी. इथे खाण्याचा सोडा वापरला तर जेमतेम नारिंगी छटा येते आणि मागच्या बाकावरून काही दिसत नाही. चुन्याने हळदीचं कुंकू करतात हे घरोघरी माहीत असतं, त्यामुळे ओळख करून द्यावी लागत नाही.

मोरचूद (कॉपर सल्फेट) हा या सगळ्यातला माझ्या मते सर्वात कामाचा पदार्थ. कृषी सेवा केंद्रात सहज मिळतो, द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणासाठी (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) लागतो तोच. नाशिक-सांगलीकडच्या मुलांना तो पुस्तकाआधी बागेत भेटलेला असतो. विषारी आहे, म्हणून हात लावायचा नाही आणि घरातलं भांडं वापरायचं नाही, एवढं सुरुवातीलाच बजावा.

त्याचे निळे खडे वाटून २.५ ग्रॅम पूड कोरड्या परीक्षानळीत घ्या. नळी आडवी, तोंड किंचित खाली झुकलेलं धरा. हे झुकवणं विसरलं की वरच्या गार काचेवर जमलेलं पाणी मागे ओघळतं आणि तापलेला तळ तडकतो. मंद आचेवर नळी हलवत राहा. निळी पूड पांढरी होत जाते, तोंडाशी थेंब जमतात. सगळी पांढरी झाली की थांबा; जास्त तापवलं तर पूड करडी-काळी पडू लागते, म्हणजे ती स्वतःच मोडू लागली, आणि मग पाणी घालून निळी होत नाही. गार झाल्यावर वजन करा: सुमारे १.६ ग्रॅम भरलं पाहिजे. मोरचुदाच्या वजनात ३६ टक्के पाणीच असतं, तेवढं गेलं. १.८ आलं तर अजून पाणी शिल्लक आहे, पुन्हा तापवा. आता पांढऱ्या पुडीवर दोन थेंब पाणी टाका. निळा रंग परततो आणि नळी बाहेरून गरम लागते. मूळ पदार्थ परत आला, तरी बदल रासायनिक. ती सुरुवातीची खूण इथे मुलं स्वतःच खोडतात.

उरलेली पांढरी पूड घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवा. कोकणात पावसाळ्यात उघडी राहिली तर हवेतल्या दमटपणानेच निळसर होते. ही पूड म्हणजे पाणी ओळखायचं साधन झालं, आणि पुढचे दोन वादग्रस्त प्रश्न तिच्यावर सुटतात.

पहिला: उकळत्या पाण्यातले बुडबुडे कसले? 'हवेचे' किंवा 'हायड्रोजन-ऑक्सिजनचे' अशी उत्तरं हमखास येतात. पाणी तापू लागल्यावर भांड्याच्या कडेला दिसणारे बारीक बुडबुडे खरोखरच विरघळलेल्या हवेचे असतात. पण खळखळून उकळतानाचे मोठे बुडबुडे पाण्याच्या वाफेचे. वाफेवर गार स्टीलची ताटली धरा आणि तिच्यावर जमलेला थेंब पांढऱ्या पुडीवर टाका. निळी. म्हणजे पाण्याचं पाणीच राहिलं, फक्त अवस्था बदलली. जाता जाता तापमानही पाहा: पुण्यात शाळेचा तापमापक ९८ अंशांच्या आसपास थांबतो, महाबळेश्वरला ९५-९६ ला. पुस्तकात १०० आहे म्हणून मुलं वहीत १०० लिहितात. लिहू देऊ नका. उंचीमुळे हवेचा दाब कमी, म्हणून उत्कलनबिंदू खाली. महत्त्वाचं हे की उकळायला लागल्यावर आकडा हलत नाही.

दुसरा प्रश्न मेणबत्तीचा. मेण वितळतं तो भौतिक बदल, जळतं तो रासायनिक, इतकं सगळेच सांगतात. जळतं काय ते दाखवा. मेणबत्ती विझवल्याबरोबर वर जाणाऱ्या पांढऱ्या धुरात, वातीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, पेटती काडी धरा. ज्योत उडी मारून वातीवर बसते. तो धूर म्हणजे मेणाची वाफ आणि तिचे थिजलेले बारीक कण. वारा असला की हे जमत नाही, पंखा बंद करा. नंतर ज्योतीवर गार, कोरडा ग्लास उपडा धरा. आतून धुकं येतं, त्याच्यावर पांढरी पूड टाका, निळी होते. मेणात पाणी नव्हतं, म्हणजे हा नवा पदार्थ. त्याच ग्लासात चुन्याची निवळी घालून हलवली की ती दुधट होते, हा दुसरा नवा पदार्थ. निवळीसाठी चमचाभर खायचा चुना लिटरभर पाण्यात हलवून रात्रभर ठेवा आणि वरचं नितळ पाणी ओतून घ्या. नळीने फुंकायला दिलीत तर मुलं फुंकतच राहतात आणि दुधट झालेली निवळी पुन्हा नितळ होते. दुधट होताच थांबायला सांगा.

वस्तुमान टिकून राहतं हे दाखवायला सोडा-व्हिनेगर सगळेच वापरतात, आणि इथे दोन चुका ठरलेल्या. एक, चमचाभर सोडा आणि थोडंसं व्हिनेगर. ४ टक्क्यांच्या व्हिनेगरने ५ ग्रॅम सोडा संपवायला जवळजवळ ९० मिली लागतं; कमी घातलं की तळाशी सोडा तसाच पडून राहतो. १ ग्रॅम सोडा आणि २० मिली व्हिनेगर हे बरोबर बसतं. दुसरी चूक फुग्याची. बाटलीच्या तोंडाला फुगा लावून वजन केलं तर काटा सुमारे ०.३ ग्रॅम कमी दाखवतो आणि मुलं म्हणतात, 'कमी झालं की!' फुगा पाव लिटरने फुगला की तेवढी हवा बाजूला सारतो, तिचं वजन ०.३ ग्रॅम, त्यामुळे हवा त्याला तितकंच वर उचलते. सातवीला हे समजावत बसण्यापेक्षा फुगाच टाळा. अर्ध्या लिटरची कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची बाटली घ्या (काचेची अजिबात नको), सोडा टिश्यूत गुंडाळून आत टाका, झाकण लगेच घट्ट लावा. आधीचं आणि नंतरचं वजन सारखंच. मग काट्यावरच झाकण हळूच सैल करा: फुस्स होतं आणि आकडा उतरतो.

नवसागर (अमोनियम क्लोराइड) मात्र संप्लवनाचं (घन पदार्थाचा थेट वायू होण्याचं) उदाहरण म्हणून घेऊ नये, असं माझं मत. तो तापल्यावर अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात आणि गार भागावर पुन्हा एकत्र येतात. म्हणजे भौतिक बदलाच्या धड्यात रासायनिक बदल घुसवण्यासारखं आहे. कापूर बरा, पण थेट ज्योतीवर पेट घेतो, म्हणून गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवा. गंज दाखवायला स्वयंपाकघरातली चकचकीत तारेची घासणी आणू नका, ती बहुधा स्टेनलेस असते आणि आठवडाभर तशीच राहते. साधे लोखंडी खिळे पॉलिश पेपरने घासून घ्या. घासले नाहीत तर वरचं तेल किंवा जस्ताचा थर गंजू देत नाही.

शेवटी उरतं मोरचुदाचं निळं पाणी. ते बेसिनमध्ये किंवा झाडांना ओतायचं नाही. त्यात घासलेले खिळे टाकून ठेवा: तांब्याचा तांबूस थर खिळ्यांवर बसतो आणि पाण्याचा निळा रंग ओसरतो. बोर्डो मिश्रणात चुना पुरेसा पडला का हे पाहायला बागाईतदार लोखंडी पातं बुडवतात, ते याच कारणाने. पातं तांबूस झालं तर चुना आणखी घालायचा. निळेपणा पूर्ण गेला की पाणी गाळा आणि तांब्याची पूड बाटलीत ठेवा. पुढच्या वर्षी विस्थापन (एका धातूने दुसऱ्याची जागा घेणं) शिकवताना ती दाखवायला होईल.