तेवीस बाजू

"तुम्ही पाठवलेली फाइल आमच्या रेकॉर्डची नाही," असे त्या गृहस्थांनी फोनवर सांगितले, तेव्हा मला खरे सांगायचे तर त्यांची थोडी कीवच आली. वडिलांच्या माघारी त्यांच्या रेकॉर्डी संगणकात उतरवून घेणारी माणसे अनेकदा असे म्हणतात. लहानपणी दिवाणखान्यात ऐकलेला आवाज आणि हेडफोनमधून ऐकलेला आवाज यांत फरक पडतोच, हे त्यांना समजावून सांगणे हाही आमच्या कामाचा एक भाग आहे. न्यू जर्सीतील ज्या लहानशा स्टुडिओत मी अकरा वर्षे काम करते आहे, तेथे नवे काही ध्वनिमुद्रित होत नाही. जुन्या रेकॉर्डी, कॅसेटी आणि स्पूल टेपा येतात, त्यांतला आवाज उतरवून घेतला जातो आणि वस्तू मालकाला परत जातात. म्हणून मी सवयीने समजावणीचा सूर लावला. त्यांनी तो मध्येच तोडला आणि म्हणाले, "बाई, त्या जागी माझी आई स्वयंपाकघराचे दार लावून घ्यायची. तुम्ही पाठवलेले ऐकून तिने ते लावले नसते."

त्यांच्या पेटीत बारा रेकॉर्डी होत्या आणि त्या सगळ्या ईएसपी-डिस्क या एकाच कंपनीच्या होत्या. बर्नार्ड स्टोलमन या वकिलाने न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली ही कंपनी काढली. एस्परँटो या मुद्दाम घडवलेल्या भाषेचे त्याला वेड होते, म्हणून कंपनीचे नाव त्या भाषेवरून पडले आणि पहिली रेकॉर्डही एस्परँटोतल्या गाण्यांची निघाली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बिल डिक्सन या ट्रम्पेटवादकाने मॅनहॅटनमधील सेलर कॅफे या ठिकाणी चार दिवसांचा महोत्सव भरवला. ज्यांना नेहमीचे क्लब दारात उभे करत नव्हते, असे वादक तेथे वाजवून गेले आणि स्टोलमनला आपली माणसे सापडली. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याने फ्री जॅझच्या, म्हणजे ठरलेली लय आणि चौकट सोडून वाजवलेल्या जॅझच्या, ज्या रेकॉर्डी काढल्या, त्यांतील सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलरचे नाव आज जॅझ ऐकणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. फ्रँक राइट, चार्ल्स टायलर, बायरन ॲलन, नोआ हॉवर्ड ही नावे मात्र विचारावी लागतात. त्या गृहस्थांच्या वडिलांनी, जे आयुष्यभर टपालखात्यात होते, विचारावी लागणारी नावेच अधिक जमवली होती.

आयलरची त्या पेटीत एकच रेकॉर्ड होती, 'बेल्स'. ती हातात घेतल्यावर कोणीही ती उलटून पाहतो, कारण तिच्या एकाच बाजूला संगीत आहे. १ मे १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये झालेले सुमारे वीस मिनिटांचे वादन एका बाजूत संपले आणि दुसऱ्या बाजूला खाचांऐवजी चित्र छापले गेले. आमचा दर बाजूमागे असतो. मी मात्र रेकॉर्डी मोजल्या, दोनाने गुणले आणि चोवीस बाजूंचे बिल करून मोकळी झाले. ही चूक त्या दिवशी माझ्या लक्षात यायची होती, पण आधी मोठी चूक निस्तरायची होती.

तक्रार होती ती पेटीतल्या १००७ क्रमांकाच्या रेकॉर्डबद्दल. 'जुसेपी लोगन क्वार्टेट', ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९६४. लोगन मूळचा फिलाडेल्फियाचा. बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला, एकोणतीस वर्षांचा, न्यूयॉर्कमध्ये नवाच आलेला. सॅक्सोफोन हे त्याचे मुख्य वाद्य. सोबतीला पियानोवर बावीस वर्षांचा डॉन पुलन, बासवर जेमतेम वीस वर्षांचा एडी गोमेझ आणि ड्रमवर तेवीस वर्षांचा मिल्फर्ड ग्रेव्हज. पुलन पुढे नामवंत बासवादक चार्ल्स मिंगसबरोबर वाजवू लागला, गोमेझने पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीत अकरा वर्षे काढली, ग्रेव्हजने बेनिंग्टन कॉलेजात जवळजवळ चाळीस वर्षे शिकवले. चौघांपैकी तिघांची नावे टिकली आणि ज्याचे नाव रेकॉर्डवर मोठ्या अक्षरांत होते, तोच नाहीसा झाला.

रेकॉर्ड फार वाजवली गेली होती. मधले भोक झिजून मोठे झाले होते, त्यामुळे तबकडी फिरताना टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, डावीउजवीकडे हलके झुलत होता. आमच्या धंद्यात हे रोजचे आहे. केंद्र सरकले की सुईखालचा वेग फेऱ्यातल्या फेऱ्यात कमीजास्त होतो आणि सूर वरखाली डुलतो. तो डुल सरळ करणारे सॉफ्टवेअर आमच्याकडे आहे. सूर कोठे असायला हवा होता याचा अंदाज बांधून ते संपूर्ण आवाजाचा वेग क्षणाक्षणाला ताणते किंवा दाबते. दुसऱ्या बाजूच्या शेवटी 'ब्लीकर पार्टिटा' ही सुमारे पंधरा मिनिटांची रचना आहे. तीत लोगनचा आल्टो सॅक्सोफोन सुरावर येता येता घसरतो, खालूनच वर बघतो आणि कधीकधी तेथेच राहतो. पहिल्यांदा ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर झुलता टोनआर्म होता. टोनआर्म झुलतो आहे, सूर घसरतो आहे, म्हणजे रोग तोच, असे मी धरून चालले. सॉफ्टवेअर लावले, थोडे ऐकले, सुरेल वाटले, फाइल पाठवून दिली.

फोन ठेवल्यावर मी मूळ उतरवलेला आवाज आणि सुधारलेला आवाज शेजारीशेजारी लावले. सॅक्सोफोन ऐकायचा नाही, फक्त पियानो ऐकायचा, असे ठरवले. पियानोची पट्टी एकदा दाबली की त्या सुराला वाकायची सोय नसते. हातोडी तारेवर पडली, सूर निघाला, आता तो विरेल तेवढाच. सुधारलेल्या फाइलमध्ये पुलनचा पियानो वाकत होता. एक जड खर्जातला सूर वाजल्यानंतर अर्ध्या सेकंदात वर सरकत होता आणि पुन्हा खाली येत होता, जणू कोणी वाद्याचे पाय धरून ते हलवत होते. मूळ आवाजात तोच सूर जवळजवळ स्थिर होता. लोगनला सरळ करायला निघालेल्या सॉफ्टवेअरने बाकीच्या तिघांना वाकडे केले होते आणि मी त्याला सुरेल म्हटले होते.

मग हिशेब मांडला, जो मी आधीच मांडायला हवा होता. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एकतृतीयांश फेरे म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. केंद्र सरकल्याचा डुल दर १.८ सेकंदांनी, घड्याळासारखा, परत यायला हवा. लोगनच्या घसरण्याला असे कोणतेच घड्याळ नव्हते. शिवाय भोक अर्धा मिलिमीटर सरकले असे धरले, तरी आतल्या खाचांमध्ये वेगातला फरक पाऊण टक्क्याच्या आसपास भरतो. लगतच्या दोन स्वरांमधले अंतर सुमारे सहा टक्क्यांचे असते आणि लोगन काही जागी त्याच्या निम्मा खाली उतरत होता. म्हणजे डुल होता, पण तो बारीक होता. त्याच्या आडून मी एका माणसाचे वाजवणे दुरुस्त करायला गेले होते.

येथे मला एक जुनी गोष्ट आठवली आणि मी एकटीच ओशाळले. मी मिरजेची. आमचे घर सतारमेकर गल्लीपासून पाच मिनिटांवर आणि आजोबा घरच्या तानपुऱ्याची जवारी लावून घ्यायला मला बरोबर नेत. कारागीर घोडीचा माथा कानशीने घासायचा, तारेखाली सूत सरकवायचा, ऐकायचा, पुन्हा घासायचा, आणि तार नुसती वाजायची थांबून गुंजायला लागली की आजोबा मान डोलवायचे. इकडे नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी एका सहकाऱ्याने किराणा घराण्याच्या गायकाच्या एका खाजगी टेपवर 'मागे सतत काहीतरी खरखरते आहे' असा शेरा मारून तो तानपुरा गाळून काढायचा घाट घातला होता. मी ती हकिकत मिरजेला फोन करून हसत हसत सांगितली होती.

या रेकॉर्डवरची पहिलीच रचना 'तबला सूट' नावाची आहे आणि तीत ग्रेव्हजने खरोखरच तबला वाजवला आहे. लोगनच्या हाती जे वाद्य आहे त्याला रेकॉर्डवर 'पाकिस्तानी ओबो' म्हटले आहे. आमच्या कानाला ते सनईच्या गोतातले वाटते. पहिल्या दिवशी ही बाजू उतरवताना मी नकळत मात्रा मोजायला लागले होते, आठ, दहा, सोळा, आणि काही जुळेना तेव्हा मनात एक परीटघडीचा, घरंदाज तुच्छभाव आला होता, तोही येथे कबूल करते. ठेका नाही, सम नाही. बायाँ आणि दायाँ एकमेकांशी बोलतात तेवढेच. आता दुसऱ्यांदा ऐकताना मोजणे सोडले आणि लक्षात आले की ग्रेव्हजला तबल्याकडून ताल नकोच होता, त्याला हवा होता तो चामड्याचा बोलता आवाज, हाताच्या दाबाने वर चढणारा घुमारा. ज्या वाद्यात सूर दाबून वाकवता येतो, असे वाद्य त्या वाकलेल्या सनईशेजारी त्याने ठेवले होते. पाश्चात्त्य ड्रमवर ते तसे सहज साधत नाही.

मला हे सगळे आवडले का, असे कोणी विचारले तर अजूनही सरळ उत्तर देता येणार नाही. 'ब्लीकर पार्टिटा'तली ती उदास सुरावट मला पटते. काही जागी लोगन चाचपडतो आहे असेच वाटते, आणि तसे वाटणे हा माझ्या कानाचा दोष आहे असे मी मानत नाही. पण चाचपडणे त्याचे होते. त्या कंपनीच्या वेष्टनावर एक वाक्य छापलेले असे: रेकॉर्डवर तुम्ही काय ऐकणार हे फक्त कलाकारच ठरवतात. मी सॉफ्टवेअर चालवत होते तेव्हा ते वेष्टन माझ्या कोपराखाली होते.

दुपारी रेकॉर्ड पुन्हा धुतली आणि टर्नटेबलवर ठेवली. भोक मोठे झालेले असले की एक सोय असते, तबकडी मधल्या खुंटीभोवती हवी तशी सरकवता येते. टोनआर्मच्या टोकाकडे डोळा लावून मी ती बोटाच्या नखाने केसभर ढकलायची, फिरवून पाहायची, पुन्हा ढकलायची, असे बराच वेळ केले. आर्मचे झुलणे जवळजवळ थांबले तेव्हा सुई टेकवली आणि दोन्ही बाजू पुन्हा उतरवल्या. यावेळी कोणतेही सॉफ्टवेअर लावले नाही. चुरचुर राहिली, एका जागी सुई उडी मारते तीही राहिली. पुलनचा पियानो खिळ्यासारखा उभा होता आणि त्याच्यापासून लोगन किती लांब उभा आहे हे आता नेमके ऐकू येत होते. अंतर माझ्या अंदाजापेक्षा जास्त होते.

संध्याकाळी ते गृहस्थ पेटी न्यायला स्वतः आले. साठीचे, उंच, टोपी हातात धरून उभे राहणारे. मी चूक माझी होती असे सांगितले, कशी झाली तेही सांगितले, आणि नवी फाइल स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर लावली. 'ब्लीकर पार्टिटा' सुरू होऊन काही मिनिटे गेल्यावर त्यांनी मान न वळवता डावा हात उचलला आणि हवेत एक दार लोटल्यासारखे केले. त्यांना स्वतःला हे संगीत कधीच आवडले नव्हते, असे ते म्हणाले. फोनवर ही रेकॉर्ड कधीही ऐकता येते हेही त्यांना माहीत होते. त्यांना हवी होती ती घरातली, उडी मारणारी. त्या संगीतापायी वडिलांशी त्यांचे भांडण व्हायचे. "हा माणूस कोण होता, पुढे त्याचे काय झाले, हे ते सांगायचे, पण मी कधी ऐकूनच घेतले नाही," असे ते म्हणाले.

तेवढे मला सांगता आले, कारण जेवणाच्या सुट्टीत मी तेच वाचत बसले होते. १९६५ नंतर लोगन हळूहळू दिसेनासा झाला. व्यसन आणि मानसिक आजार यांत अनेक वर्षे गेली. तो मेला असावा असे जॅझच्या जगाने जवळजवळ ठरवूनच टाकले होते. २००८ साली तो न्यूयॉर्कमध्ये पुन्हा प्रकट झाला आणि टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमधल्या बाकावर बसून लोकांना ठाऊक असलेल्या जुन्या चाली सॅक्सोफोनवर वाजवू लागला. तरुण वादकांनी त्याला हाताशी धरले आणि २०१० साली, त्याच्या दुसऱ्या रेकॉर्डनंतर सुमारे पंचेचाळीस वर्षांनी, त्याच्या नावाची नवी रेकॉर्ड निघाली. एप्रिल २०२० मध्ये क्वीन्समधल्या फार रॉकअवे येथील शुश्रूषागृहात कोविडने तो गेला, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन. बागेत वाजवताना त्याचा सूर कसा होता, असे त्या गृहस्थांनी विचारले. मी त्याची एक चित्रफीत पाहिली होती. तसाच होता, असे सांगितले.

ते पेटी उचलून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. खिशातून आमचे बिल काढून टेबलावर पसरले आणि पेटीतून 'बेल्स' काढून, चित्राची बाजू माझ्याकडे करून, शेजारी ठेवली. "हिच्या या बाजूला तुम्ही काय ऐकलेत?" त्यांनी विचारले. मी पेन घेतले, चोवीस खोडून तेवीस केले आणि खाली सही केली.