लूपची नोंद: धुळीवर फुकटचं खापर

कासारवडवलीत घोडबंदर रोडकडे तोंड केलेली खिडकी असली की धूळ घरचीच होते. मेट्रोचं काम, डंपर, सगळं समोर. माझा पीसी थंड राहतो तो लूपमुळे, म्हणजे नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्यामुळे. त्यामुळे रेंडरच्या जड कामाला सीपीयू ७९ वरून ८६ अंशांवर गेला तेव्हा मी डोळे झाकून रॅडला, म्हणजे पाणी गार करणाऱ्या रेडिएटरला, दोष दिला. अख्खा रविवार ३६० मिमीचा रॅड काढून ब्लोअर मारला. बाल्कनीत उडालेला तो राखाडी ढग बघून आई म्हणाली, "एवढा जोर घरातल्या पंख्यावर लाव की." एवढं करून ८६ चे झाले ८५.

मग आधीच करायला हवं होतं ते केलं. तीन आकडे मांडले, पंखे दोन्ही वेळी १२०० आरपीएमला बांधलेले. मे महिन्यातली नोंद: खोली ३४, पाणी ४३, सीपीयू ७९. आत्ता: खोली ३१, पाणी ४०, सीपीयू ८५. पाणी आणि खोलीतला फरक दोन्हीकडे ९, म्हणजे रॅड आपलं काम करतोय. पण सीपीयू आणि पाण्यातला फरक ३६ वरून ४५ वर गेलाय. घोळ ब्लॉकमध्ये, म्हणजे सीपीयूवर बसून त्याची उष्णता पाण्यात सोडणाऱ्या तुकड्यात! (नुसता सीपीयूचा आकडा बघून भांडणाऱ्यांनो, पाण्यात सेन्सर टाका. खोलीपेक्षा थंड पाणी कुठलाच रॅड देणार नाही.)

लूपला ड्रेन व्हॉल्व्ह (पाणी सोडायचा नळ) नाही, हा माझाच जुना आळस. अर्धा कूलंट टबात, अर्धा लादीवर. ब्लॉक उघडला तर बारीक फिन्सवर (धातूच्या पातळ पट्ट्यांवर) दुधावरच्या सायीसारखा पांढरा, चिकट थर. शेवाळ असतं तर हिरवट दिसलं असतं. हे पारदर्शक पीव्हीसी ट्यूबमधलं प्लास्टिसायझर, म्हणजे ट्यूब मऊ ठेवणारं रसायन. कोमट पाण्यात ते झिरपतं आणि सगळ्यात अरुंद जागी जाऊन बसतं. बायोसाइड (शेवाळ-जंतू मारणारं औषध) कितीही घाला, त्याला फरक पडत नाही. कोमट डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ टूथब्रश, आणि घासायचं फिन्सच्या दिशेनेच. व्हिनेगरला हात लावला नाही, निकेलचा मुलामा जायला नको.

ट्यूब बदलून काळी ईपीडीएम रबराची टाकली, १०/१६ चीच (आतून १०, बाहेरून १६ मिमी), त्यामुळे फिटिंग जुन्याच चालल्या. निळं पाणी दिसेनासं झालं म्हणून भाचा रुसलाय.

गळती तपासायला हातपंपाने ०.५ बार हवा भरली. अर्धा तास काटा हलला नाही, तेव्हाच पाणी ओतलं. मग मदरबोर्डला वीज न देता, पॉवर सप्लायला जंपर (पिना जोडणारी छोटी तार) लावून फक्त पंप चालू. रेझर्व्हॉयर (लूपची पाण्याची टाकी) रिकामं होत आलं की लगेच बंद, पंप कोरडा फिरता कामा नये. हवा काढायला केस सुपात तांदूळ पाखडतात तशी पुढेमागे कलवली. तासाभराने खरखर थांबली.

आजचे आकडे: खोली ३०, पाणी ३९, सीपीयू ७४. रेझर्व्हॉयरवर मार्करने रेघ मारलीय. चार दिवसांत पाणी दोन मिलिमीटर उतरलं, उरलेले बुडबुडे निघताहेत. ड्रेन व्हॉल्व्ह मागवलाय.