जिन्याखालची बाटली

माझी चाळिशी ऑक्टोबरात झाली, पण तिची भेट आली डिसेंबरात, लंडनच्या मावसभावाच्या सामानातून. दोन स्वेटरांत गुंडाळलेली काळी बाटली, लेबलाचा कोपरा उडालेला आणि वर आकडा १९८५. माझं जन्मसाल. "मूल झालं की त्या सालचं पोर्ट, म्हणजे गोड, कडक वाइन, घेऊन ठेवायचं आणि ते मोठं झालं की उघडायचं, अशी तिकडे जुनी रीत आहे," दादा म्हणाला. "तुझ्या बाबतीत जरा उशीर झाला."

पोर्ट म्हटलं की आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घराला ठाऊक होती ती गोव्याहून कुणीतरी आणलेली, सरबतासारखी गोड बाटली. ही त्या जातीची नव्हे. पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातली एकाच सालची द्राक्षं, आणि तीही साल चांगलं गेल्याचं पोर्ट बनवणाऱ्या त्या त्या घराण्याने जाहीर केलं तरच. याला व्हिंटेज पोर्ट म्हणतात. १९८५ बहुतेक सगळ्या मोठ्या घराण्यांनी जाहीर केलं होतं. रस आंबत असताना, साखर अजून शिल्लक असतानाच त्यात ७७ टक्क्यांची द्राक्षाची दारू ओततात. आंबणं तिथेच थांबतं, गोडी राहते आणि मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास जातो. मग लाकडी पिंपात जेमतेम दोन वर्षं आणि पुढचा सगळा जन्म बाटलीत. म्हणजे मी घरभर धावायला लागलो तेव्हा ही बाई कोंडली गेली.

बाटलीत भरताना ती गाळत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं गाळ धरत राहतो. बाटलीच्या एका अंगाला चुन्याचा पांढरा फराटा होता. मला वाटलं रंगकाम चाललं असताना उडाला असेल. तर ती खूण निघाली: आडवी ठेवताना ही बाजू वर, म्हणजे गाळ एकाच अंगाला बसतो. विमानातून हिंदकळत आल्यावर त्या खुणेला फारसा अर्थ उरला नव्हता, म्हणून दादाने ती उभी ठेवायला सांगितली, निदान दोन-तीन आठवडे. घरात सगळ्यात गार आणि अंधारी जागा एकच, जिन्याखाली, आत्याच्या लोणच्यांच्या बरण्यांशेजारी. तिथे ती संक्रांत होईपर्यंत उभी राहिली. मे महिन्यात आली असती तर इंदूरच्या उन्हाळ्यात तिचं काय झालं असतं, याचा विचार नको.

संक्रांतीनंतरच्या रविवारी दुपारी साडेतीनला उघडायला बसलो. दादा परत गेला होता, तो फोनवर. समोर मी, आत्या आणि महूहून कर्नल म्हणून निवृत्त झालेले काका. काकांच्या मते एवढ्या नाटकाची गरज नव्हती. "मेसमध्ये पोर्टचा डिकँटर, म्हणजे ओतून ठेवायची काचेची सुरई, डाव्या हाताला सरकवायचा, एवढा एकच नियम. बाकी प्यायचं."

बूच निम्म्यात तुटलं आणि उरलेल्या निम्म्याचा भुगा झाला. अशा म्हाताऱ्या बाटल्यांसाठी खास चिमटे असतात, असं दादाने सांगितलं. लाल तापवून मानेला धरायचे, मग ओलं फडकं लावायचं, की काच गोल तडकते आणि बुचासकट मान वेगळी होते. काकांची नजर तत्काळ ओट्यावरच्या सांडशीकडे गेली. "तू बस गुपचूप," आत्या म्हणाली.

शेवटी गाळायचं ठरलं. फडकं कोणतं? घरात मलमल एकच, चक्का बांधायची. तिला धुऊनही दह्याचा वास येत होता आणि साबणाचा वास त्याहून वाईट, म्हणून दोनदा नुसत्या पाण्यात उकळली. डिकँटर म्हणून पन्ह्याचा काचेचा जग. बाटलीच्या मानेखाली मोबाईलचा टॉर्च धरला आणि हात न हलवता ओतत गेलो. धार लाल, स्वच्छ, कडेला विटकरी. तळाशी दोन बोटं उरली तेव्हा उजेडात काळसर धागा मानेकडे सरकताना दिसला. थांबलो.

पहिला घोट घेतला आणि खरं सांगतो, पोटात गोळा आला. वास इंजेक्शनआधी दंडावर फिरवतात त्या बोळ्याचा, त्यामागे बंद कपाटाचा. चव गोड, पण पातळ, आणि घशाला चटका. "अरे भिया, हे तर खोकल्याचं औषध," काका. मला दादासाठी वाईट वाटलं. त्याने किंमत सांगितली नव्हती, म्हणजे ती सांगण्यासारखी नव्हती.

फोनवर दादा हसला. "चाळीस वर्षं कोंडलेल्या माणसाला बाहेर काढून लगेच गाणं म्हण म्हणतोस. चार तास जगाकडे बघू नकोस." बंद बाटलीत साठलेले कोंदट वास आधी उडून जातात, वरचा स्पिरिटचा झोत निवतो आणि मग खालचं फळ वर येतं, असं त्याचं म्हणणं. बघू नकोस म्हटल्यावर कोण ऐकतो? दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर वेळा लिहीत मी दर तासाला चमचाभर चाखत राहिलो.

साडेचार: बोळा बराच गेला. शिजवलेलं जांभळं फळ, नक्की कोणतं ते सांगता येईना.

साडेपाच: गोडी जाड झाली. काका "ठीक आहे" म्हणाले, म्हणजे आवडलं.

साडेसहाची नोंद फुकट गेली, आणि दोष माझा. आधी गुळाची पोळी खाल्ली. तिच्या गोडीपुढे पोर्ट आंबट-तुरट लागायला लागलं. तोंड सुधारावं म्हणून लौंग शेवेची मूठ भरली. इंदुरात शेवेशिवाय ग्लास उचलत नाहीत, हात आपोआप जातो. पुढची वीस मिनिटं तोंडात लवंग-मिरचीशिवाय काही नव्हतं. त्यानंतर ताटात फक्त अक्रोड ठेवले. अक्रोड मात्र जमतात, ते गोडीशी भांडत नाहीत.

साडेसातला काहीतरी बदललं. आधी गोड आणि तिखट वेगवेगळे येत होते, आता एकाच घोटात एकमेकांच्या मागून. सुकं अंजीर, काळा चहा, सुंठ, आणि गिळल्यावर बराच वेळ जिभेवर काहीतरी राहिलेलं. त्या राहिलेल्याला नाव सापडेना. मी "चामडं" लिहिलं, खोडलं. "तंबाखू" लिहिलं, तेही खोडलं. इंग्रजीत वाचलेले शब्द होते ते, माझ्या नाकातले नव्हेत.

आत्या पीत नाही. आयुष्यात प्यायली नाही. नऊच्या सुमारास ताटं उचलायला आली आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "आण इकडे, वास तरी बघू." ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले.

"लिंबाचं लोणचं."

काका फुटले. ती शांतपणे जिन्याखाली गेली आणि उपासाच्या लोणच्याची बरणी घेऊन आली. साखरेतलं, चार-पाच वर्षं मुरलेलं, काळंकुळीत, फोडी चमच्याने तुटतील असं. झाकण काढून माझ्या नाकाखाली धरलं, मग ग्लास, मग पुन्हा बरणी. तेच. आंबट उरलेलंच नाही, गोडही नुसतं गोड नाही, सालीचा एक कडवट काठ आणि खाली काळसर, जवळजवळ काकवीसारखं काहीतरी. साडेपाच तास जे शोधत होतो ते बरणीशेजारीच उभं होतं.

मी लिहिलं: ९.०५, लिंबाचं लोणचं (आत्या).

काकांनी जग डावीकडे सरकवला. डावीकडे आत्या होती. तिने तो तसाच पुढे माझ्याकडे ढकलला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्धा जग उरला होता. पिंपात वर्षानुवर्षं राहिलेल्या टॉनी पोर्टला हवेची सवय असते, ते उघडल्यावरही काही आठवडे टिकतं. व्हिंटेजला एवढी सवड नसते, त्यातून म्हातारं असेल तर नाहीच. फळ मागे गेलं होतं, जळक्या साखरेचा वास पुढे आला होता. वाईट नव्हतं. काकांना तर हेच जास्त आवडलं, पण त्यांना चहाही पाकासारखा लागतो. तिसऱ्या दिवशी घोटभर राहिलं, ते मी डाळ-बाफल्यांनंतर प्यायलो आणि काही लिहिलं नाही.

गाळाची दोन बोटं आत्याने कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली. बाटली विसळून, तुटक्या बुचाचा भुगा काडीने काढून तिने मला विचारलं, "ही ठेवू का? फिनेल भरायला बरी आहे."